आप्पांच्या मशीनचे तीन वाटे

माणसं जमीन वाटून घेतात, कलमं वाटून घेतात, विहिरीवरच्या पंपाचे वार वाटून घेतात. गणपतीसुद्धा एक वर्ष तुझा, एक वर्ष माझा असा पाळीनं घेतात. तेही एक वेळ समजू शकतं. पण मिऱ्यावरच्या विलणकरांनी चक्क व्हॅक्यूम क्लीनर वाटून घेतला. धडधाकट, चालतं मशीन तिघांनी तीन तुकडे करून नेलं आणि वर 'कुणावर अन्याय व्हायला नको' म्हणून एकमेकांच्या हातावर साखर ठेवली. मालन विलणकरला हे आठवलं की आजही तिचं टाळकं सरकतं, आणि ऐकणाऱ्याचंही सरकावं अशीच ती गोष्ट आहे.

मालन ही घरातली मधली. वर अनिल, खाली विनोद. रत्नागिरीतल्या एका शाळेत तिनं शिपाई म्हणून सबंध नोकरी काढली. घंटा दिली, वर्ग झाडले, तपासणीला साहेब आले की चहा केला. लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारणारी माणसं आता थकली किंवा गेली, आणि मालनला त्यावर बोलायला कधी फुरसत नव्हती. अनिल मुंबईला गेला आणि डोंबिवलीत स्थिरावला, विनोदनं रत्नागिरीजवळच्या नाचण्याला फ्लॅट घेतला. मालन त्याच घरात राहिली. आईचं आजारपण काढलं, आप्पांचं म्हातारपण काढलं, दर वर्षी माणसं लावून कौलं नीट करून घेतली आणि समुद्राकडून येणारी वाळू रोज सकाळी घराबाहेर लोटली.

वाळूचं सांगायलाच हवं. मिऱ्यावर घर असलं की अर्धा किनारा घरातच असतो. वारा सुटला की पाटाखाली वाळू, गादीत वाळू, भिजवलेल्या पोह्यांत वाळू. जुन्या वाशांतून भुगा गळतो तो निराळा, आणि रस्त्याचं काम निघालं की चिऱ्याची तांबडी धूळ येते ती आणखी निराळी. केरसुणी मारली की ती या कोपऱ्यातून उठून त्या कोपऱ्यात बसते. घर मात्र सोडत नाही.

आप्पा बोटीवर होते. मालवाहू बोटीवर स्टुअर्ड. म्हणजे साहेबलोकांच्या केबिनी झाडायच्या, बिछाने घालायचे, टेबल लावायचं. गावात 'आप्पा बोटीवर असतात' एवढ्यावरच मान मिळे. बोटीवर काय करतात ते कुणी विचारत नसे आणि आप्पाही सांगत नसत. एका खेपेला ते परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरच्या जुन्या बाजारातून हे मशीन घेऊन आले, कांबळ्यात गुंडाळून, वर दोरखंड आवळून. लोकांना वाटलं टेपरेकॉर्डर असेल. निघालं ते एक लांबट लोखंडी नळकांडं, राखाडी-हिरव्या रंगाचं, खाली चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या. त्याला कापडी वेष्टणाची लांब नळी, दोन चकचकीत पाइप आणि एका पेटीत तऱ्हेतऱ्हेची तोंडं. जमिनीसाठी रुंद, गादीसाठी आखूड, फटींसाठी चपटं निमुळतं, शिवाय घोड्याच्या केसांचा एक गोल ब्रश.

"साहेबाच्या केबिनीत फिरवून फिरवून हात झिजले माजे," आप्पा म्हणाले. "आता माज्या घरात फिरवणार."

आणि फिरवलं. गणपतीच्या आधी सुट्टीवर आले की सारं घर त्या मशीननं काढत. वाशांवरची जळमटं, मखराची फळी, गाद्या, कपाटांच्या मागच्या फटी. वाडीतली माणसं ओट्यावर उभी राहून बघत. पोरं मशीनच्या मागच्या तोंडातून येणाऱ्या वाऱ्यात केस उडवून घेत. अनिल आणि विनोद मात्र तेवढा वेळ किनाऱ्यावर निघून जात. बोटीवरच्या माणसानं घरी येऊन झाडझूड करावी, याची त्यांना लाज वाटे. बापानं तीच झाडझूड करून त्यांच्या फिया भरल्या होत्या याची लाज वाटत नसे, हे सोडा.

मालन आप्पांच्या मागून नळी उचलून चाले. तिला त्यांनी सगळं शिकवलं. पिशवी गच्च व्हायच्या आत झटकायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही, ओलं काही ओढायचं नाही, अंग तापलं की बंद करून गार होऊ द्यायचं. खाऱ्या हवेनं पाइपांवर चट्टे येतात, म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवायचा. पावसाळ्यात मोटारीत ओल शिरते, म्हणून मशीन पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचं आणि ट्रंकेत एक बारका बल्ब पेटता सोडायचा. आप्पा बोटीवर परत गेले की हे सगळं मालन करी. तिला सांगावं लागत नसे.

आप्पा गेले आणि वाटणी आली. घर आप्पांचं आणि त्यांच्या आधीच वारलेल्या धाकट्या भावाचं. त्या भावाची बायको येसूबाई, म्हणजे मालनची काकू, बुरोंडीला आपल्या माहेरी राहायची. तिला घर नको होतं. तिनं कलमं घेतली आणि भांड्याकुंड्यांत तिसरा वाटा मागितला. घर अनिल-विनोद या दोघा भावांच्या नावावर झालं. मालनकडून त्याआधीच हक्कसोड करून घेतलं होतं. बहिणीनं भावांच्या नावे हक्क सोडायचा आणि भावांनी तिला साडी द्यायची, ही आपल्याकडची रीत. साडी घडीवरच विरते आणि घर भावांचं राहतं, पण रीत म्हणजे रीत. "तू कुठं जातेस? राहा की इथंच, घराला दिवा नको?" असं अनिल म्हणाला, आणि आपण फार मोठं मन दाखवलं असं त्याला मनापासून वाटलं.

तांब्याचे हंडे झाले, परात झाली, पितळी समया झाल्या. मग मशीन पुढ्यात आलं.

"फॉरेनचं आहे. मोठ्याकडे राहू दे," अनिल म्हणाला.

"मोठा म्हणून हंडा पण मोठाच घेतलास ना?" विनोद म्हणाला. "नळी नि पाइप मी नेतो."

"मग ती पेटी माजी," काकू म्हणाली. पेटीत काय होतं हे तिला धड ठाऊकही नव्हतं.

मालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला वाटलं, हे थट्टा करताहेत. "अरे, नळीशिवाय त्या डब्याचं काय करणार दादा? नि डब्याशिवाय नळीचं काय?"

"मालन, तू मध्ये बोलू नकोस," अनिल म्हणाला. "हे वाटणीचं आहे."

आता सांगा, हे काय बोलणं झालं? जिनं ते मशीन पुसलं, तेल दिलं, पावसाळ्यात बल्ब लावून पोटच्या पोरासारखं ऊबेत ठेवलं, तिनं मध्ये बोलायचं नाही. आणि ज्यांनी त्याला आयुष्यात कधी हात लावला नव्हता त्यांनी वाटे घालायचे! विनोदनं तिथल्या तिथं नळी उपसून काढली. काढताना वरची कडी आडवी ओढली आणि वाकवली. मालननं जेवणाची पानं घेतली.

अनिल आपला वाटा डोंबिवलीला नेणार होता. तो त्यानं इथल्याच माळ्यावर ठेवला आणि विसरला. पुढची वीसेक वर्षं मालन शाळा झाडून आली की घर झाडायची, केरसुणीनं, आणि डोक्यावर माळ्यावर मशीनचं धड पडून असायचं.

ती निवृत्त झाली त्या वर्षी तिनं माळा काढला. धडात उंदरांनी घर केलं होतं. वायर कुरतडून टाकली होती, आतल्या पिशवीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि पत्र्यावर आप्पांनी दर सुट्टीत लावलेला रंग खवल्याखवल्यांनी सुटत होता. मालन तिथंच खाली बसली. तिला रडू आलं नाही, राग आला. इतका राग, की तिनं तशीच पदर खोचून ते धड खाली उतरवलं, पुसलं आणि अनिलला फोन लावला.

"वापर की," अनिल म्हणाला. "फक्त भंगारात देऊ नकोस हां. माझ्या वाट्याचं आहे ते."

माझ्या वाट्याचं! उंदरांना भाड्यानं दिलं होतं तेव्हा वाटा आठवला नाही.

नळीसाठी ती नाचण्याला गेली. विनोदची बायको वैष्णवी हिनं चहा ठेवला. मालन नळीबद्दल विचारणार तोच तिचं लक्ष गॅलरीत गेलं. आप्पांची नळी एसीच्या पाण्याला जोडलेली होती. कापडी वेष्टणावर शेवाळ धरलं होतं आणि तिच्या तोंडातून तुळशीच्या कुंडीत पाणी ठिबकत होतं. जिला आप्पांनी जन्मभर पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता, तिला!

"अवो वन्सं, बाजारातली पाइप दर वर्षी फाटते," वैष्णवी म्हणाली. "ही बघा कशी टिकली. जुनं ते जुनंच."

"नि दोन पाइप होते ते?"

एक पाइप सापडला. आंबे काढायच्या झेल्याचा दांडा झाला होता. दुसरा विनोदनं डिश अँटेनाला टेकू म्हणून गच्चीवर ठोकला होता, खिळ्यानं, आरपार भोक पाडून. मालन संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिली. विनोद कामावरून आला, आणि बहीण उठत नाही हे बघून शेवटी गच्चीवर चढला.

"ने बाई," तो म्हणाला. "पण ताई, दिलेलं नाय हां, तुज्याकडं ठेवायला देतोय."

तोंडांची पेटी बुरोंडीला होती. दापोलीची एसटी धरून मालन काकूकडे गेली तेव्हा म्हातारी अंगणात कोंबड्यांना हाकत होती. कोंबड्या ज्या भांड्यातून पाणी पीत होत्या, ते मशीनचं जमिनीसाठीचं रुंद तोंड होतं, उलथं करून चिखलात रोवलेलं. चपट्या तोंडाची मागल्या दाराला पाचर केली होती. आणि घोड्याच्या केसांचा ब्रश देवघरात होता. रोज देव न्हाऊ घातले की काकू त्यांना त्यानं हळूच कोरडं करायची. गादीसाठीचं आखूड तोंड तेवढं बापडं पेटीतच पडून राहिलं होतं, कारण ते कशालाच लागत नव्हतं.

"काकी, अगो घोड्याचे केस ते! नि आप्पा त्यानं जळमटं काढायचे!"

"मग काय झाला?" काकू म्हणाली. "माज्या वाट्याचा हाय. खंडोबा काय घोड्यावर बसत नाय?"

मालन एक रात्र राहिली, काकूला सोलकढी करून दिली, कोंबड्यांसाठी बाजारातून प्लास्टिकचं घमेलं आणलं आणि देवांसाठी मऊ पंचा फाडून दिला. ब्रश देताना म्हातारीनं तो दोन वेळा परत घेतला. शेवटी दिला तोही "उसना देतंय गो, ध्यानात ठेव" असं बजावून. म्हणजे बघा. धड अनिलचं, नळी-पाइप विनोदचे, तोंडं काकूची, आणि मालन फक्त हमाल.

पण हमालीच करायची तर ती मालननं करावी. बाजारात मिक्सर दुरुस्त करणारा गुरुप्रसाद होता. त्यानं मशीन बघून हसून घेतलं. "मावशी, हे म्युझियमला द्या." मालन म्हणाली, "तुज्या दुकानात हसायचे पैसे घेतात काय?" मग त्यानं मोटार उघडली. मोटार शाबूत होती. आत फिरत्या भागाला वीज पोचवणारे जे दोन कार्बन असतात, ते झिजून संपले होते. त्या मापाचे आता मिळत नाहीत. गुरुप्रसादनं मिक्सरचे दिले; मालननं ते घरी नेऊन पॉलिशपेपरवर घासत घासत मापाला आणले. झाकणाची रबरी रिंग कुजली होती, तिच्या जागी जुन्या कुकरची कापून बसवली. नवी वायर घेतली. पाइपचं भोक झाळून घेतलं. नळी उन्हात दिवसचे दिवस वाळवली, आतल्या चिरांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या आणि वरून जाड कापडाचा नवा अभ्रा शिवला.

पिशवीत मात्र ती फसली. मांजरपाटाची एकेरी पिशवी शिवली आणि मशीन सुरू केलं. घरघर सुरू झाली. इतकी वर्षं तो आवाज त्या घरात झाला नव्हता. ती खोलीभर नळी फिरवत सुटली, आणि मागच्या तोंडातून सारी तांबडी धूळ भसाभसा बाहेर येऊन भिंतीवर, कॅलेंडरवर, तिच्याच डोक्यावर बसली. मालन आरशात बघून एकटीच हसली. मग दुहेरी पिशवी शिवली, धुऊन आटवलेल्या कापडाची. ती चालली.

त्यानंतर दर शनिवारी मिऱ्यावरच्या त्या घरात मशीन चालायचं. वाडीतल्या बायका गणपतीच्या आधी मालनला बोलवायच्या, ती मशीन घेऊन जायची आणि मखराच्या फळ्या काढून द्यायची. कुणी तिला चहा दिला, कुणी नारळ. मशीन कुणाच्या हातात मात्र ती देत नसे. पावसाळ्यात ट्रंक, ट्रंकेत बल्ब. तिला वाटू लागलं होतं, आता हे आपलं झालं. माणसाला कधीकधी काहीतरीच वाटतं.

यंदाच्या गणपतीला अनिलचा मुलगा गौरव दोन दिवस आधी आला. मुलगा तसा वाईट नाही, गोड बोलतो. मालन वाशांवरची जळमटं काढत होती, ते त्यानं मोबाइलवर धरलं. "वा आत्या, मस्त! अजून एकदा नळी वर कर ना." मालननं केली. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं तिला व्हिडिओ दाखवला. खाली लिहिलं होतं: आमच्या आजोबांनी परदेशातून आणलेलं मशीन, आमच्या कुटुंबानं आजही जपलंय. हजारो लोकांनी अंगठे वर केले होते. मालनचं नाव कुठंही नव्हतं. व्हिडिओत तिची पाठ होती आणि हात होते.

आमच्या कुटुंबानं जपलंय! कुटुंबानं काय काय जपलं ते मालनला विचारा. कुटुंबानं कोंबड्यांना पाणी पाजलं, कुटुंबानं अँटेनाला खिळा ठोकला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर अशा.

तरी ती गप्प बसली. गणपती उद्यावर आले होते, आणि सणाला तोंड वाईट करू नये असं आईनं शिकवलं होतं. आयांनी मुलींना शिकवलेल्या गोष्टींतली ही एक, जी मुलांना शिकवायची राहून जाते.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले, आरती झाली. आत मोदकांचं पातेलं उतरवून मालन बाहेर आली तर मधल्या खोलीत बैठक बसली होती. अनिल, विनोद, गौरव, भिंतीला टेकून काकू. वैष्णवी सुपात फुलं निवडत होती. गौरव मोबाइलवर काहीतरी दाखवत होता.

"होमस्टे," अनिलनं मालनला सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही. "घर तसंच ठेवायचं, फक्त बाथरूम चांगली करायची. मुंबईची माणसं येतात गं असल्या घरात राहायला. गौरव सगळं बघणार."

"आणि इथं, दारातच," गौरव म्हणाला, "काचेच्या पेटीत आजोबांचं मशीन. लाल रंग द्यायचा, आतून लाइट. लोक फोटो काढतील. आणि आत्या, तू कुठंही जायचं नाहीस हां! खोल्या आवरायला, नाश्त्याला तू आहेसच. आणि पाहुण्यांना मशीन चालवून दाखवायचं. डेमो!"

"लाल रंग?" मालन म्हणाली.

"फोटोत उठून दिसतो."

"नळी माज्या वाट्याची हाय, हे ध्यानात घ्या," विनोद मध्येच म्हणाला. "होमस्टेत माजं काय, ते आधी ठरवा."

"मेन बॉडी माझी आहे, विनोद."

"बॉडी चाटायची काय नळीशिवाय?"

"नि बुरूस माजे," काकू म्हणाली.

पुन्हा तेच. तीच खोली, तेच तिघं, तोच डबा आणि नळी. मालन त्या दारात उभी होती आणि तिच्या हातात मोदकांचं फडकं होतं. शाळेत तिनं शिपाई म्हणून आयुष्य काढलं, त्याचा तिला कधी कमीपणा वाटला नाही. तिथं तिची सही होती, पगार होता, निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक नाव घेऊन चार शब्द बोलले होते. आणि जन्मल्या घरात तिला आता पाहुण्यांच्या चादरी बदलायला ठेवून घेत होते. तेही फार मोठ्या मनानं.

तिनं फडकं खुंटीला लावलं, आत जाऊन मशीन आणलं आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवून खाली बसली. पेचकस तिनं बरोबरच आणला होता.

"थांबा. वाटे मीच घालते," ती म्हणाली.

तिनं नळी सोडवली, वरचा अभ्रा उसवून ओढून काढला, आतल्या ट्यूबच्या पट्ट्या टराटरा सोलल्या आणि नळी विनोदसमोर ठेवली. तोंडांची पेटी काकूसमोर सरकवली. मग धडाचं झाकण उघडलं. दुहेरी पिशवी काढून बाजूला. कुकरची रिंग काढून बाजूला. वायर काढली, गुंडाळली, बाजूला. मोटारीच्या दोन्ही अंगांचे स्क्रू सोडवले आणि कार्बनचे ते दोन काळे तुकडे, स्प्रिंगांसकट, तळहातावर घेतले. तिची बोटं काळी झाली. धड तिनं अनिलकडे ढकललं. घसरपट्ट्यांवरून ते सरळ त्याच्या पायाशी गेलं.

"हे तुमचं," ती म्हणाली. "नि हे माजं."

पिशवी, रिंग, वायर, अभ्रा आणि दोन कार्बन तिनं पदरात घेतले.

"अगं, काय हा वेडेपणा!" अनिल म्हणाला. "इतकी वर्षं सांभाळलंस आणि..."

"सांभाळलंस! आज म्हणालास, दादा. कालपर्यंत कुटुंबानं सांभाळलं होतं."

"आत्या, व्हिडिओत नाव टाकतो ना मी, त्यात काय एवढं," गौरव म्हणाला. "आताच एडिट करतो."

"नको टाकू. मोबाइलात नाव नको मला."

"मग तुझं म्हणणं तरी काय आहे?" अनिलचा आवाज चढला.

हा प्रश्न त्या घरात मालनला कुणी विचारला नव्हता. आईनं नाही, आप्पांनीसुद्धा नाही. उत्तर मात्र तिच्याकडे तयार होतं, इतकं तयार की तिचं तिलाच नवल वाटलं.

"वाटा," ती म्हणाली.

"मशीनमधला?"

"मशीन घाला चुलीत. घरातला. आप्पांची मुलगी हाय मी. तुमची भाडोत्री नाय, नि होमस्टेची मोलकरीण तर नायच नाय."

वैष्णवीच्या हातातलं जास्वंद हातातच राहिलं. विनोद जमिनीकडे बघत पुटपुटला, "पण ताई, हक्कसोड केलंस ना तू?"

"केलं. तुमी बोट ठेवलात तिथं सही केली, भाऊ म्हणून. आता बहीण म्हणून तुमी करायची. रजिस्टर हापिस गणपतीनंतर उघडतं. माजं नाव घराला लागलं की होमस्टे काढा, नायतर हॉटेल काढा, मी चादरी पण बदलीन. नाव नाय लागलं तर मी माज्या पेन्शनीवर खोली घेऊन राहीन, नि घराला दिवा तुमी डोंबिवलीहून लावा."

अनिलनं विनोदकडे बघितलं, विनोदनं नळीकडे. गौरव बिचारा गोंधळला होता. त्यानं उगाच, काहीतरी करायचं म्हणून, मशीनचं बटण खाली-वर करून पाहिलं.

"चालंल कसा रे ता?" काकू भिंतीला टेकूनच म्हणाली. "तिचा वाटा खंय हाय त्यात?"

मालन उठली. पदरातलं सगळं घेऊन ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि काळी बोटं पुसू लागली. आत देवापुढं नैवेद्याचं पान वाढायचं राहिलं होतं. ते कुणी वाढायचं, ते आता त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.